कवटीच्या कविता

३ सप्टेंबर

बाई म्हणाल्या, रोज चार ओळी लिहा. कुठल्याही भाषेत, पण लिहा. म्हणून ही वही. शिकतेय स्पॅनिश आणि लिहितेय अयूकमध्ये, आमच्या डोंगरातल्या भाषेत. बाईंना ती वाचता येत नाही. तेच बरं.

आज पहिला वर्ग. चर्चच्या मागची खोली, पाच-सहा बायका, एक म्हातारा माळी. ओतिलियाबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडे पुस्तक नाही, व्याकरण नाही. फळ्यावर एक कविता लिहितात आणि ती मोठ्यानं वाचायची. पुन्हा. परत पुन्हा. हातात चॉकलेट घुसळायची लाकडी रवी असते, तिनं टेबलावर ठेका देतात. म्हणाल्या, "सुटा शब्द पाठ केला तर रस्त्यात सांडतो. ओळीत बांधला तर घरापर्यंत येतो."

प्रत्येकीला विचारलं, स्पॅनिश कशाला हवं? शेजारी बासिलिसा बसते — खालच्या खोऱ्यातली, बाजारात मक्याच्या भाकऱ्या विकते, तिची भाषा वेगळी. ती म्हणाली, "गिऱ्हाइकं स्पॅनिशमध्ये घासाघीस करतात. मला स्पॅनिशमध्ये शिव्या द्यायच्यात." सगळे हसले. मग माझी पाळी. मी म्हटलं, हरवलेल्या माणसांच्या कचेरीतून फोन येतो, तो समजायला. नवरा सापडत नाही.

मग कुणी हसलं नाही. मला काही वाटलं नाही. ते वाक्य पाठ आहे, म्हणून न अडखळता आलं इतकंच.

६ सप्टेंबर

आमच्या भाषेत 'फ' नाही. 'र' तर परगावचा पाहुणा — जिभेवर टिकतच नाही. आणि नवऱ्याचं नाव फिदेन्सियो! गावात सगळे त्याला पिदे म्हणायचे. मीही. नाव कसं लिहितात ते मला कचेरीतल्या कागदावर पहिल्यांदा दिसलं.

बाईंनी तोंडासमोर मेणबत्ती धरली. 'फ' बरोबर आला तर ज्योत हलते म्हणे. माझी हलेचना. दहा वेळा म्हटलं, वीस वेळा म्हटलं. शेवटी एकदा म्हटलं आणि मेणबत्ती विझली.

बासिलिसा म्हणाली, "नुसत्या नावानं दिवे जातात. भलताच नवरा आहे बाई तुझा."

'र' साठी बाई म्हणतात, उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि सोडायची नाही. लोक एरवी असं बोलले तर ओरडा बसतो, इथे शाबासकी मिळते.

१० सप्टेंबर

दिवसभर लॉन्ड्रीच्या दुकानात हॉटेलच्या चादरींना इस्त्री. घरी आले. जेवले. झोपले.

१३ सप्टेंबर

आजची कविता गोगलगायीची. बाईंनीच केलेली, पोरांसाठी. गोगलगाय घर पाठीवर घेऊन निघते, मागे लाळेची रेघ सोडते, म्हणजे घरच्यांना कळावं ती कुठे गेली. लाळ म्हणजे सालीवा. चांगला शब्द आहे, म्हणताना तोंडात आपोआप सुटते.

फिदेन्सियोनं काही मागे सोडलं नाही. नाही, चुकलं. ट्युबा सोडला, तो फुंकायचा तो थोरला कर्णा. दोन वर्षांपूर्वी सहाजणांचा बँड उत्तरेत एका लग्नात वाजवायला गेला. बँडच्या मालकानं गाडी दिली होती. ती गाडी महामार्गाच्या कडेला सापडली, दारं उघडी, वाद्यं सगळी आत. माणसं नाहीत. ट्युबा घरी आला. कोपऱ्यात उभा असतो, सासू दर रविवारी पुसते. एवढं मोठं पितळ, खोलीतली निम्मी जागा खातं. मी अंग चोरून जाते.

१७ सप्टेंबर

आज फोन आला. कचेरीतली ती बाई, गोड आवाजाची. महिन्यातून एकदा करते. आधी मी फोन कोपऱ्यावरच्या वाण्याकडे न्यायचे, तो ऐकून सांगायचा. पण तोही कंटाळला, आणि काही गोष्टी सांगायचाच नाही असं आता वाटतं. आमची भाषा येणारा दुभाषी कचेरीला मिळत नाही. मिळाला की कळवू म्हणतात.

आज ती बोलली आणि मधूनमधून शब्द असे टपटप पडले. आई. त्याची आई. नमुना. आणि — लाळ. सालीवा!

गोगलगायीमुळे कळलं. नवऱ्याच्या आईच्या लाळेचा नमुना हवाय त्यांना.

मी म्हटलं, "समजलं नाही."

ती म्हणाली, "सावकाश सांगू का?"

मी म्हटलं, "समजलं नाही." आणि फोन ठेवला.

२० सप्टेंबर

वर्गात बाईंनी पाठ थोपटली. "सेनाइदा, तुझा कान उघडायला लागलाय."

हो ना.

२४ सप्टेंबर

सासूनं विषय काढलाच. घेवडा निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "यंदा पोराचा फोटो मखरात ठेवायचा."

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला आमचे मेलेले घरी येतात. मखर करायचं, झेंडूची कमान, धूप, पाव, ज्याला जे आवडायचं ते रांधायचं. फोटो पाहून त्यांना कळतं हे आपलंच घर. सासऱ्यांचा फोटो आहे, माझ्या आईचा आहे. गेल्या वर्षी सासूनं एकदा माझ्याकडे पाहिलं होतं, मी मान हलवली होती, ती गप्प बसली. यंदा गप्प बसली नाही.

"आई, जिवंत माणसाचा फोटो तिथे ठेवला तर आपणच त्याला ढकलल्यासारखं होईल."

"आणि मेला असला तर? दोन वर्षं पोर दारापर्यंत येऊन उपाशी परत जातंय, त्याचं काय?"

मीही घेवडा निवडायला बसले. घेवडा निवडून झाला.

मला तिचा राग यायला हवा होता. राग कुठल्या कप्प्यात ठेवलाय तेच आठवत नाही.

१ ऑक्टोबर

पाय सुजलेत. दिवसभर उभं राहून.

४ ऑक्टोबर

बाई आज खुशीत. महिना बदलला म्हणाल्या, आता कवटीच्या कविता! इथे शहरात अशी रीत आहे. आमच्या गावात नव्हती, मी कधी ऐकली नव्हती. ओळखीच्या माणसावर चार ओळी करायच्या, त्यात मृत्यू त्याला न्यायला येतो. मृत्यू बाई आहे, तिला सगळे हडकुळी म्हणतात. ती कशी येते, हा काय सोंगं करतो, कसा खड्ड्यात जातो, सगळं यमकात. ज्याच्यावर केली त्याच्याच तोंडावर वाचायची आणि त्यानं हसायचं. शिक्षकावर करतात, पाद्र्यावर, पुढाऱ्यावर, सासूवर.

बाईंनी नमुना म्हणून बासिलिसावर एक वाचली. बायका पोट धरून हसत होत्या. आमच्या भाषेत उतरवली तर साधारण अशी होते —

हडकुळी आली बाजारात, म्हणे, 'चल गं बासिलिसा!'
ही म्हणे, 'आधी भाकरी घे, मोकळा कर तुझा खिसा.'
भाव करता करता दोघी भांडल्या दिवसभर,
हडकुळीच मेली दमून, ही अजून चुलीवर!

बासिलिसा म्हणाली, "खरं आहे. उधारीवर मी हडकुळीलाही देत नाही."

मग शब्द. हाड. कवटी. बरगडी. दात. खड्डा. शवपेटी. ओळखणे. बाई रवीनं ठेका देतायत आणि आम्ही सगळ्या ओरडतोय, हाड! कवटी! बरगडी! माळीबुवा आपल्या बरगड्या मोजून दाखवत होते. हाड म्हणजे ऊएसो, म्हणताना तोंड चंबूसारखं होतं. घरी येताना बसमध्ये मनात तेच चाललं होतं. ऊएसो, ऊएसो.

८ ऑक्टोबर

प्रत्येकीनं एक करून आणायची. महिनाअखेर सगळ्यांसमोर वाचायची, म्हणाल्या, उच्चारांची परीक्षा तीच.

बासिलिसा म्हणते, सासूवर कर, यमकं फुकट मिळतील. बसले करायला. सासूवर काही सुचेना. ती पहाटे उठते, मक्याच्या पिठाचे तमाल बांधते, केळीच्या पानांत वाफवते, टोपली डोक्यावर घेऊन विकून येते, ट्युबा पुसते. यात हसायचं काय?

११ ऑक्टोबर

माळीबुवांनी त्यांच्या मेलेल्या भावावर करून आणली. बाईंनी मध्येच थांबवलं. "नाही हो. मेलेल्यावर करत नाहीत. मेलेल्यांना मखर, जिवंतांना कविता. ही चेष्टा आहे, चेष्टा जिवंत माणसाची करायची असते."

माळीबुवा ओशाळले. कागद घडी करून खिशात ठेवला.

माझं तिथल्या तिथे ठरलं. मी फिदेन्सियोवर करणार.

१२ ऑक्टोबर

दुकानात इस्त्री करता करता झाली. खरंच! वाफ सोडायची, ओळ म्हणायची. आधी स्पॅनिशमध्येच सुचली, मग मनात आमच्या भाषेत उतरवून पाहिली, तरी बसली —

हडकुळी आली शोधत, फिदेन्सियोला न्यायला,
हा म्हणे, 'ट्युबा घेतो, वेळ लागेल जायला.'
ट्युबा मावेना पेटीत, वाकवावा तर वाकेना,
हडकुळी ढकलून दमली, झाकण काही झाकेना.
शेवटी म्हणाली, 'जा बाबा, घरी जाऊन वाजव,
बायको बसलीय वाट बघत, तिचीच झोप घालव!'

शेजारच्या टेबलावरची पोरगी म्हणाली, ताई, हसताय काय एकट्याच? मला कळलंच नव्हतं मी हसतेय.

१५ ऑक्टोबर

फोन. आज वर्ग सुटल्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर होते.

आज टपटप नाही, सगळं सलग कळलं. उत्तरेत, महामार्गापासून आत, एका जागी खणलंय. हाडं मिळालीत. एकाहून जास्त माणसांची. कवटी, दात. ओळख पटवायला आईची लाळ लागेल, ती या शहरातच देता येईल, दहा मिनिटांचं काम.

एक शब्द अडला नाही. सगळे शब्द वर्गातले! ज्या शब्दांवर आम्ही रवीच्या ठेक्यावर हसत होतो ते सगळे ओळीनं तिच्या तोंडून आले. तिचा 'र' बाईंच्या 'र' सारखाच स्वच्छ आहे.

मी म्हटलं, "समजलं नाही."

"ताई, मी आणखी सोपं करून—"

"समजलं नाही."

वेड पांघरून पेडगावला जायचं तर भाषा यावी लागते. आधी खरंच समजत नव्हतं तेव्हा हे वाक्य म्हणताना अडखळायचे. आता किती सफाईनं येतं.

त्यांनी सांगितलं तर सांगितलं. मला नाही समजलं तर तो अजून कुठेतरी आहे.

१८ ऑक्टोबर

बाईंनी दातांत बूच धरून वाचायला सांगितलंय. बूच काढलं की जीभ सुटते. घरी रोज संध्याकाळी वाचते, बूच धरून सहा वेळा, बूच काढून सहा वेळा. बाई म्हणतात भिंतीकडे तोंड करून वाच म्हणजे आवाज परत येतो. भिंतीपाशी ट्युबा आहे. मग ट्युब्याकडे तोंड करून वाचते. आवाज त्यात घुमतो.

सासू चुलीपाशी असते. तिला स्पॅनिश येत नाही. बाजारापुरते आकडे, घ्या, नको, ताजं आहे, आणि प्रार्थनेतले शब्द.

२२ ऑक्टोबर

सासू हल्ली काही बोलत नाही. फोटोचा विषयही काढत नाही. जिंकले असं वाटलं, पण तसं काही बरंही वाटलं नाही.

आज मी वाचत असताना ती चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. हातात पीठ तसंच. मी वळून पाहिलं तर लगेच खाली बसली.

२५ ऑक्टोबर

सासूनं झेंडू आणला. आत्ताच! एवढ्या लवकर कुणी आणतं का, कोमेजेल. म्हणाली, "यंदा जास्त लागेल."

मी विचारलं नाही का म्हणून. दमले होते.

२९ ऑक्टोबर

आज वाचली.

खोली भरली होती, कोणाकोणाच्या घरचे आले होते, पाव, गरम चॉकलेट. बासिलिसानं बाईंवर केलेली वाचली — हडकुळी न्यायला येते आणि बाई तिलाच 'र' म्हणायला लावतात, तिला दात नसल्यामुळे येत नाही, मग नापास! मग मी. ज्योत हलेल असा 'फ' आला. जीभ टाळ्याला लागून राहिली. 'वाकवावा तर वाकेना' ला हशा झाला, 'झाकण झाकेना' ला त्याहून मोठा. बाईंनी शेवटी रवी उंच धरली. "उच्चार — दहापैकी दहा."

खाली बसले तर बासिलिसा हसत नव्हती. माझ्याकडे बघत होती. कानाशी येऊन म्हणाली, "हा तोच ना? सापडत नाही तो?"

"हो."

"बये, तू दगड आहेस का?"

मला माहीत नाही. असेन. दहापैकी दहा मिळाले तेही कुणा दुसरीला मिळाल्यासारखे वाटले.

३१ ऑक्टोबर

घरी आले तर मखर झालेलं. उसाची कमान, झेंडू, धूप. सासरे, माझी आई, आणि मध्ये फिदेन्सियो. लग्नातला फोटो, माझ्या बाजूचा भाग आत दुमडलेला. ट्युबा कोपऱ्यातून काढून मखराशेजारी उभा केलाय, त्याच्या तोंडात झेंडूची फुलं. पिवळे तमाल, त्याला आवडायचे ते, तिखट जास्त घालून.

मी म्हटलं, "आई, हे काय?"

सासू माझ्याकडे आली आणि तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. असं तिनं कधी केलं नव्हतं. म्हणाली, "पोरी, मला सगळं कळलंय. रोज संध्याकाळी तू त्याच्या ट्युब्यासमोर उभी राहून मृतांची प्रार्थना म्हणतेस. मला ती भाषा येत नसली तरी मृत्यू कळतो. शवपेटी कळते. त्याचं नाव कळतं. कचेरीनं तुला सांगितलं आणि तू मला सांगितलं नाहीस, एकटीनं वाहिलंस. आता पुरे."

आणि रडली. दोन वर्षांत पहिल्यांदा. बसून, मोठ्यानं, गावाकडे रडतात तशी. मग उठली, नाक पुसलं, आणि तमाल पालटायला गेली. पालटता पालटता गुणगुणत होती. दोन वर्षांत तेही पहिल्यांदाच.

मी सांगणार होते. खरंच तोंड उघडलं होतं, आई ती चेष्टा आहे, चेष्टेची कविता आहे म्हणून. पण ती गुणगुणत होती.

नाही सांगितलं.

१ नोव्हेंबर

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

दुपारनंतर बासिलिसा आली. रीतच आहे, मखराला पाव आणि मेस्काल दारूची बाटली घेऊन ओळखीच्या घरी जायचं. आली ती दारातच थबकली. फोटो, मग ट्युबा, मग मी. तिची आणि सासूची भाषा वेगळी, दोघींमध्ये फक्त मोडकी स्पॅनिश. सासूनं तिला हातानं खूण केली — माझा मुलगा. आणि माझ्याकडे बोट दाखवून स्पॅनिशमध्ये म्हणाली, "रोज प्रार्थना. चांगली सून."

बासिलिसा माझ्याकडे वळली. "कसली प्रार्थना?"

मी धुपात नवा खडा टाकला.

"सेनाइदा! ती कविता? म्हातारीला ती प्रार्थना वाटली?"

सासूला 'कविता' शब्द कळला. काय म्हणते ही, विचारलं. आता कुठे पळणार! मी म्हटलं, "आई, ती प्रार्थना नव्हती. इथल्या लोकांची रीत आहे. हसायचं गाणं असतं."

"हसायचं? मृत्यूचं?"

"हो."

"म्हण."

मग मी ते आमच्या भाषेत एकेक ओळ करून सांगितलं. धुरात उभी राहून, फोटोसमोर. हडकुळी आली. तो म्हणाला ट्युबा घेतो. सासूचा चेहरा दगडासारखा. ट्युबा पेटीत मावेना. वाकवावा तर वाकेना —

आणि सासूच्या तोंडातून एक आवाज आला. मला वाटलं ठसका. नाही. हसत होती! "वाकायचाच नाही," म्हणाली. "एकदा बसमध्ये चढताना दारात अडकला होता तो, ट्युब्यासकट. अख्खी बस ढकलत होती." आणि खांदे गदागदा हलायला लागले. बासिलिसाला एक शब्द कळला नाही, तीही हसायला लागली. मी शेवटच्या दोन ओळी सांगितल्या. घरी जाऊन वाजव. बायको बसलीय वाट बघत.

हसणं थांबलं.

सासूनं डोळे पुसले. शांतपणे विचारलं, "म्हणजे खबर आलेली नाही."

"नाही."

"मग मी ठेवलेला फोटो..."

"काढू का?"

तिनं फोटोवरची धुपाची राख पदरानं पुसली. "राहू दे. वाढलंय तर जेवून जाऊ दे." मग म्हणाली, "ती बाई फोनवर काय सांगते?"

मला समजलं नाही, असं म्हणायचं होतं. स्पॅनिशमध्ये ते किती सोपं जातं. आमच्या भाषेत, तिच्या डोळ्यांत बघून, जिभेवरच येईना.

सांगितलं. हाडं. दात. तिची लाळ.

"कधीपासून कळतंय तुला?"

"गेल्या महिन्यापासून. थोडं आधीपासून."

मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती उठली, मखरातला एक तमाल घेतला, पान सोडलं, आणि माझ्या हातात दिला. "खा. दिवसभर काही खाल्लं नाहीस."

मखरातलं मेलेल्यांनी खाल्ल्याशिवाय कुणी खात नाही. मी खाल्लं. तिखट फार झालं होतं. मी रडतेय हे बासिलिसानं सांगितल्यावर कळलं.

२ नोव्हेंबर

मेलेले परत गेले. फुलं काढली. फोटो सासूनं काढला नाही, मीही काढला नाही.

८ नोव्हेंबर

आम्ही दोघी कचेरीत गेलो. फोन मीच केला होता, उद्या येतो म्हणून. गोड आवाजाची बाई माझ्या वयाची निघाली, केस विस्कटलेले, टेबलावर अर्धा पाव. तिनं सावकाश बोलायला सुरुवात केली, मी म्हटलं नेहमीसारखं बोला. तिनं मान वर करून पाहिलं. मला आधीपासून कळत होतं, हे तिला माहीत असावं.

नाव विचारलं. मी 'फ' नीट म्हटला.

सासूनं तोंड उघडलं. कापसाची काडी गालाच्या आतून फिरवली. तिच्या तोंडात मागचे दात नाहीत हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. बाहेर आल्यावर म्हणाली, "एवढंच?" मग बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली.

१५ नोव्हेंबर

वर्ग. आजची कविता समुद्राची. समुद्र मी पाहिलेला नाही. शब्द बांधून घरी आणले.

३ डिसेंबर

चादरी, चादरी. हॉटेलात सणाची गर्दी. काही नाही.

२० डिसेंबर

आईंनी ट्युबा पुसायला आज मला सांगितलं. त्यांचे हात दुखतात म्हणाल्या. खोटं. सकाळीच दोन टोपल्या तमाल बांधले होते.

पुसला. आतून किती काळा झालाय!

१४ जानेवारी

वर्गात नव्या बायका आल्यात. बाईंनी मला सांगितलं तूच घे त्यांना, 'फ' शिकव. मेणबत्ती धरली. एकीची ज्योत हललीच नाही, ती वैतागून रडायला लागली. मी म्हटलं, रोज एका माणसाचं नाव म्हण, ज्याच्याशी तुला बोलायचंय. येईल.

११ फेब्रुवारी

दुपारी कचेरीचा फोन आला. मी दुकानात होते, हातात इस्त्री. ती बाई बोलली. आईंच्या लाळेशी जुळलं. तो आहे त्यांच्यात. गावी कधी न्यायचं ते आम्ही सांगायचं. आई घरी तमाल बांधतायत, त्यांना अजून माहीत नाही.

पलीकडे तिनं कागद उलटला. मग म्हणाली, "सेनाइदा, पुन्हा सावकाश सांगू का?"

"नको," मी म्हटलं. "समजलं."